मेक्सिको ते मूल : एका बियांच्या पाकिटाचा प्रवास

पाकिटावर इंग्रजीत लिहिलं होतं, 'हिवाळ्यातलं शेवटचं बर्फाळ दव ओसरलं की बी पेरा.' हे मी वाचत होते २०२०च्या मे महिन्यात, चंद्रपुरात, कूलरसमोर बसून. बाहेर पारा ४५च्या वर होता. आमच्याकडे बर्फ फक्त उसाच्या रसात पडतो.

लॉकडाऊन लागलं आणि पुण्याहून मी ऑफिसचा लॅपटॉप घेऊन घरी आले. दिवसभर दुसऱ्यांचे बग शोधायचे आणि संध्याकाळी गच्चीवर जायचं, असा दिनक्रम झाला. सगळ्या जगाला तेव्हा बागकामाचा झटका आला होता, मलाही आला. ऑनलाइन मागवलेल्या पाकिटात कॉसमॉसच्या दोन जातींचं बी होतं. एक गुलाबी-पांढऱ्या फुलांची, दुसरी पिवळ्या-केशरी. हा लेख मुख्यतः दुसरीबद्दल आहे.

कॉसमॉस लावायला अक्कल लागत नाही, हे त्याचं पहिलं आकर्षण. मृगाचा पाऊस पडल्यावर कुंडीत बोटाच्या पेराएवढं खोल बी टाकलं आणि आठवड्याच्या आत कोंब वर आले. शेणखत मी हात सैल सोडून घातलं होतं, ती चूक झाली. कसदार माती मिळाली की हे झाड पाल्यातच रमतं, फुलायचं नाव काढत नाही. मुरमाड, गरीब जमीन त्याला मानवते. रोप वीतभर झालं की शेंडा खुडायचा, म्हणजे फांद्या फुटतात. सुकलेली फुलं वेळच्या वेळी काढायची, म्हणजे नवी येत राहतात. या शेवटच्या सूचनेकडे मी तेव्हा दुर्लक्ष केलं. पुढचं सगळं त्यातून झालं.

उरलेलं बी मी आजीकडे नेलं. आजी मूल तालुक्यात राहते, जंगलाला लागून असलेल्या एका गावात. घरामागे तिची सांदवाडी आहे. वांगी, मिरच्या, वाल, कुंपणाला दोडका आणि एका कडेला देवासाठी झेंडू. सांदवाडीच्या पलीकडे भाताची बांधी, मग बोडी, आणि बोडीच्या पाळीवरून गेलेली पायवाट थेट जंगलात शिरते. झेंडूच्या ओळीशेजारी मी बी टाकलं आणि दसऱ्याच्या सुमाराला तिथं केशरी आग लागल्यासारखं झालं.

"हे कोनतं फूल होय वं?"

"कॉसमॉस."

"कासमास." आजीनं एक फूल तोडून हुंगलं. "वासच नाही याले. देवाले चालन, पन नाकाले नाही."

तरी तिला ते आवडलं. फुलपाखरं इतकी येत की ती दुपारी मुद्दाम मागच्या दारात बसायची. मी फोटो काढले, ते दोनशे लोकांना आवडले, आणि मी पुन्हा बग शोधायला लागले.

*

हे फूल आलं कुठून, याचा शोध मी एका रटाळ मीटिंगमध्ये घेतला. शोध माद्रिदला पोचला.

अँतोनिओ होसे काव्हानियेस हा स्पॅनिश धर्मगुरू होता. पॅरिसमध्ये असताना त्याला वनस्पतिशास्त्राचा नाद लागला. १७९१ साली त्यानं 'इकोनेस' या सचित्र ग्रंथाचा पहिला खंड छापला. त्यात कॉसमॉस हे नाव पहिल्यांदा येतं. ग्रीक भाषेत त्या शब्दाचे दोन अर्थ : सुव्यवस्था आणि शृंगार. विश्वाला कॉसमॉस म्हणतात ते पहिल्या अर्थानं, आणि कॉस्मेटिक हा शब्द आला दुसऱ्या अर्थावरून. गुलाबी कॉसमॉसचं चित्र या खंडात चौदाव्या पानपट्टावर आहे, पिवळ्याचं ७९व्या. त्याच्या लगेच पुढे, ८०व्या पट्टावर, डेलिया आहे. म्हणजे आज कुठल्याही नर्सरीत शेजारीशेजारी दिसणारी ही दोन फुलं सव्वादोनशे वर्षांपूर्वी पुस्तकातही शेजारीच होती.

तेव्हा मेक्सिको स्पेनची वसाहत होती. स्पेनच्या राजानं तिथली वनस्पतिसंपत्ती नोंदवण्यासाठी १७८७ साली एक शास्त्रीय मोहीम काढली आणि पाठोपाठ मेक्सिको सिटीत एक वनस्पती उद्यान उभं राहिलं. तिथून बिया जहाजानं माद्रिदच्या शाही उद्यानात येत. सोनं-चांदी नेऊन झाल्यावर साम्राज्याचं लक्ष बियांकडे वळलं होतं, कारण कुठल्या झाडातून उद्या औषध, रंग किंवा पैसा निघेल ते सांगता येत नव्हतं.

रंगाची आशा खोटी नव्हती. स्पॅनिश लोक येण्याआधीपासून मेक्सिकोतले लोक एका फुलापासून केशरी रंग काढत. त्यांच्या नाउआत्ल भाषेत त्याला 'शोचिपाल्ली' म्हणत, म्हणजे रंगाचं फूल. ते फूल म्हणजे पिवळा कॉसमॉस, असं अभ्यासक मानतात. हे वाचल्यावर मला आजीच्या गावचा पळस आठवला. होळीच्या आधी पोरं पळसाची फुलं गोळा करतात, ती पाण्यात उकळतात, आणि तसाच केशरी रंग निघतो. आपल्या केशरी रंगासाठी आपल्याकडे झाड होतं, त्यांच्यासाठी त्यांच्याकडे होतं. काव्हानियेसच्या पुस्तकात मात्र रंगाचं फूल बागेची शोभा झालं, आणि शोभा म्हणूनच ते जगभर गेलं.

युरोपात गेल्यावर या फुलाची पंचाईत झाली. कॉसमॉस मुळात लहान दिवसांचं झाड आहे. रात्री लांबू लागल्या की त्याला फुलण्याचा इशारा मिळतो. (झाडं दिवसाची लांबी 'मोजतात' हे गार्नर आणि ॲलार्ड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी तंबाखू आणि सोयाबीनवर प्रयोग करून १९२० साली मांडलं.) लंडनमध्ये जूनमधला दिवस साडेसोळा तासांचा. तो उतरणीला लागून झाड कळ्या धरेपर्यंत ऑक्टोबर उजाडायचा, आणि मग एका रात्रीच्या गोठवणाऱ्या थंडीत सगळं काळं पडायचं. म्हणून बियाणेवाल्यांनी लवकर फुलणारी झाडं निवडत निवडत नवे वाण काढले. गुलाबी कॉसमॉसच्या 'सेन्सेशन' वाणाला १९३६ साली अमेरिकेत मोठा पुरस्कार मिळाला, पिवळ्याच्या 'सनसेट' वाणाला १९६६ साली. माझ्या पाकिटातलं बी याच वंशावळीतलं असावं. 'शेवटचं बर्फाळ दव ओसरलं की' ही सूचनाही त्याच थंड देशांतून, कुणीही न तपासता, कॉपी-पेस्ट होत माझ्यापर्यंत आली होती.

मग मी नकाशा उघडला. मेक्सिको सिटी उत्तर अक्षांश १९.४. चंद्रपूर १९.९५. मूल २०.१.

लंडनला जो दिवस या फुलाला परका होता, तो चांद्याला घरचाच होता. आमच्याकडे वर्षातला मोठ्यात मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या थोडा वर जातो, लहानात लहान अकरा तासांच्या आसपास राहतो. मेक्सिकोतही जवळपास तसंच. तिथंही पावसाळा जूनमध्ये लागतो आणि ऑक्टोबरात आवरतो. जमीन आमची मुरमाड. आणि गोठवून मारणारी थंडी नाही. म्हणजे युरोपात ज्या एका गोष्टीनं दरवर्षी या झाडाचा हिशेब चुकता व्हायचा, ती गोष्टच इथं नव्हती. हे मला तेव्हा फार गमतीचं वाटलं. धोक्याचं वाटायला आणखी दोन पावसाळे जावे लागले.

*

बिया परक्या देशात गेल्यावर काय होतं, याची एक जुनी गोष्ट आहे आणि तिचा नायक मराठीशी संबंधित आहे. विल्यम कॅरी. श्रीरामपूरचा हा मिशनरी, मराठीचं छापील व्याकरण (१८०५) आणि पाठोपाठ कोश (१८१०) करणारा. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात तो मराठी शिकवायचा. पण त्याचा जीव बागेत होता. १८२० साली त्यानं शेती आणि बागायतीसाठी एक संस्था काढली, ती आजही कलकत्त्यात आहे.

कॅरीला एकदा इंग्लंडहून बियांची पिशवी आली. बिया काढून झाल्यावर त्यानं रिकामी पिशवी सावलीतल्या एका कोपऱ्यात झटकली. काही दिवसांनी तिथं डेझी उगवली, त्याच्या लहानपणच्या कुरणातलं साधं फूल. तीस वर्षं मायदेश न पाहिलेल्या माणसाला काय वाटलं असेल! पण बंगालच्या हवेत डेझी तग धरेना. कॅरी दरवर्षी बी धरून ठेवायचा, पुन्हा पेरायचा, तेव्हा कुठं ती टिकली. माळी थांबला असता तर फूल संपलं असतं.

त्याच काळात, एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, त्याच कलकत्त्याच्या सरकारी वनस्पती उद्यानात अमेरिकेतलं आणखी एक शोभेचं झुडूप आलं. रंगीत फुलांचे गुच्छ, कुंपणाला छान, गुरं खात नाहीत. तिला माळ्याची गरज पडली नाही. पाखरांनी फळं खाल्ली आणि बी देशभर नेलं. आपण तिला घाणेरी म्हणतो, किंवा टणटणी. २०२०च्या एका अभ्यासानुसार भारतात वाघांचा वावर असलेल्या प्रदेशापैकी ४० टक्क्यांहून अधिक भागात ती पसरली आहे. डेझी आणि घाणेरी, दोघी हौसेनंच आल्या. कुठली माळ्याच्या जिवावर जगेल आणि कुठली माळ्याला विसरेल, हे फुलाकडे बघून कळत नाही.

म्हणून 'परदेशी म्हणजे वाईट' हे गणित मला पटत नाही. आजीच्या सांदवाडीतून परदेशी सगळं उपटायचं म्हटलं तर मिरची जाईल, टमाटर जाईल, पेरू-पपई जाईल आणि दसऱ्याचं तोरण ज्याचं होतं तो झेंडूही जाईल. तोही मेक्सिकोचाच, पोर्तुगिजांबरोबर आलेला. तिथले लोक मृतांच्या सणाला त्याच्या माळा करतात. मिरचीच्या आधाराने तर आमच्या भागातली शेकडो कुटुंबं उभी आहेत, दरवर्षी तेलंगणात मिरची तोडायला जातात. पाचशे वर्षांत ही मंडळी आपल्यात मुरली, कारण ती माणसाच्या हाताखाली राहिली. झेंडू अंगण सोडून जंगलात जाऊन राज्य करत नाही.

आपल्या लोकांना हा फरक शास्त्रज्ञांच्या आधी कळला होता, असं मला नावांवरून वाटतं. चांगल्या वागणाऱ्या पाहुण्याला आपण घरातलं नाव दिलं. वाईट वागणाऱ्याला त्याच्या वागण्याचं. घाणेरी. काँग्रेस गवत, म्हणजे गाजरगवत. हे कॉसमॉसच्याच कुळातलं, अमेरिकेतून आयात गव्हाबरोबर आलं असं मानतात, आणि देशात त्याच्या फैलावाची नोंद पन्नासच्या दशकात पहिल्यांदा पुण्यात झाली. ताडोब्याची कुरणं राखताना जी उपटावी लागते, त्या अमेरिकी झुडपाला मात्र आपण रानतुळस म्हणून बसलो. तिथं वासानं फसवलं. आणि सगळ्यात नेमकं नाव : बेशरम. तळ्यांच्या, बोड्यांच्या पाळीवर वाढणारी, जांभळट भोंग्यांची, तोडून फेकली तर फेकलेल्या जागी रुजणारी. तीही दक्षिण अमेरिकेची.

बेशरम बोडीवर कशी आली, हे मी आजीला विचारलं. ती लग्न होऊन आली तेव्हा नव्हती म्हणाली. पाळीची माती वाहून जाऊ नये म्हणून कुणीतरी फांद्या आणून खोचल्या. "गाई तोंड लावत नाही म्हनून लावली," ती म्हणाली, "आता गाई तोंड लावत नाही म्हनूनच मरत नाही."

*

२०२१च्या पावसाळ्यात कॉसमॉस आपोआप उगवला. मला आनंदच झाला, फुकटात बाग मिळाली. २०२२ साली तो सांदवाडीच्या कुंपणाबाहेर होता. ऑफिस पुन्हा सुरू झाल्यामुळे मी पुण्याला परतले होते, आईनं फोटो पाठवला.

त्याच सुमारास पुण्यात टेकड्या केशरी दिसायला लागल्या होत्या. सप्टेंबर-ऑक्टोबरात लोक फोटो काढायला जायचे. मीही गेले. तिथं रोज फिरायला येणारे एक काका भेटले. फुलांकडे बघत म्हणाले, "दहा वर्षांपूर्वी या उतारावर गवत होतं. तेरडा, सोनकी असायची." नंतर वर्तमानपत्रांतही आलं. पिवळा कॉसमॉस टेकड्या व्यापतोय, स्थानिक रानफुलांची जागा घेतोय, अभ्यासक आणि टेकडीप्रेमी तो उपटण्याच्या मोहिमा काढताहेत. मी टेकडीवर उभी होते आणि डोळ्यांसमोर बोडीची पाळ होती.

पिवळ्या कॉसमॉसचं बी हातात घेऊन पाहा. लांब, काळपट, सुईसारखं, आणि टोकाला दोन कुसळं. कुसळांवर उलटे काटे असतात. पायजम्याला चिकटतं, जनावराच्या केसांत अडकतं. बोडीच्या पाळीवरून रोज सकाळी गावची गुरं जंगलात चरायला जातात. उन्हाळ्यात मोहफुलं वेचायला, मग तेंदूपत्ता तोडायला बायका त्याच वाटेनं जातात. गडचिरोलीचा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग जंगल आहे आणि आमच्या बाजूचं जंगल त्याला जवळपास जोडलेलंच. त्या जंगलाच्या तोंडाशी, हौसेनं, मी पाकीट फोडलं होतं.

कॉसमॉस म्हणजे घाणेरी नव्हे, हे खरं. तो वर्षभरात मरतो, काटेरी जाळी करत नाही, सावलीत तर त्याला गोडीच नाही. दाट जंगलात तो शिरणार नाही. पण पाळी, धुरे, रस्त्याच्या कडा, गवताळ मोकळ्या जागा त्याच्याच. आणि जंगलाशेजारच्या गावात माणसांचं अर्धं आयुष्य नेमकं याच जागांवर चालतं.

२०२३च्या दिवाळीत मी आजीशी बोलायचं ठरवून गेले. वाटलं होतं, तिला समजावावं लागेल. मनात सगळी मांडणी तयार होती : काव्हानियेस, अक्षांश, कुसळं. आजी मला बोडीवर घेऊन गेली. पाळीच्या एका अंगाला केशरी पट्टा होता, वीस-पंचवीस पावलं लांब.

"इथं पातूर राहे," ती म्हणाली. "कुरडू राहे. औंदा भाजी नाही झाली इथं. तुह्या कासमासनं खाल्ली."

तिनं ते वर्षभर पाहिलं होतं आणि मला फोनवर सांगितलं नव्हतं. मी हौसेनं लावलेलं म्हणून.

दोन दिवस आम्ही उपटलं. मी, आई, शेजारच्या दोन पोरी. फुलातली झाडं उपटून तिथंच टाकली, बी धरलेली आधी पोत्यात भरून मग मुळासकट काढली. आजी पाळीवर बसून सूचना देत होती. सांदवाडीतला कॉसमॉस काढायला ती तयार नव्हती, 'देवाले फुलं राहू दे' म्हणाली. शेवटी तह झाला : पिवळा जाईल, गुलाबीची चार झाडं राहतील, आणि सुकलेलं प्रत्येक फूल बी धरायच्या आत आजी स्वतः खुडेल. पाकिटावरची, मी दुर्लक्षलेली ती सूचना शेवटी इंग्रजी न येणाऱ्या बाईनं पाळली.

मला वाटलं होतं, काम संपलं. आमच्या धंद्यात डिलीट केलेलं बॅकअपमधून परत येतं हे मला माहीत असायला हवं होतं. मातीत पडलेलं सगळं बी एकाच वर्षी उगवत नाही. २०२४च्या आषाढात पाळीवर पुन्हा कोंब होते. ओळखायला सोपे, शेपूसारखी कातरलेली पानं. आता दरवर्षी पऱ्हे भरायच्या दिवसांत मी चार दिवसांची सुटी काढते आणि पाळीवर बसून ते उपटते. मोजतेही, सवय आहे. पहिल्या वर्षी २१२ निघाले. मागच्या वर्षी ६४.

यंदा गेले तेव्हा आजी आधीच पाळीवर होती. गुडघे दुखतात म्हणून बसूनच सरकत होती. ओच्यात एका बाजूला पातूर होतं, दुसऱ्या बाजूला उपटलेले कोंब. संध्याकाळी आम्ही ते अंगणात ओतून मोजले. एकोणीस. त्यातले तीन शेपूचे निघाले.